जॉन कॅसावेटीसने पैसा कुठे वाचवला आणि कुठे ओतला

दिग्दर्शक जॉन कॅसावेटीसचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, तो पटकथा लिहायचा नाही, नटांना मोकळं सोडायचा. दोन, कॅमेरा हातात धरायचा. अमेरिकन स्वतंत्र (मोठ्या स्टुडिओंबाहेरच्या) सिनेमाचा पाया घालणाऱ्या माणसाची ओळख एवढ्यावर आटोपते, आणि त्याचं नाव घेऊन पटकथेवाचून शूटला उभी राहिलेली तरुण मंडळी पहिल्याच दिवशी अडकतात. पहिली गोष्ट बहुतांशी चूक आहे. दुसरी खरी आहे, पण ती कशामुळे घडली ते कोणी विचारत नाही. माझ्या मते कॅसावेटीसचं मोठेपण त्याच्या खर्चाच्या वहीत शोधावं. सिनेमावाले जिथे सढळ हाताने खर्च करतात तिथे त्याने हात आखडला, आणि जिथे सगळे काटकसर करतात तिथे ओतलं.

‘शॅडोज’ या त्याच्या पहिल्या सिनेमाचं चित्रीकरण १९५७ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं. कॅसावेटीस तेव्हा टीव्ही-सिनेमात बऱ्यापैकी नाव झालेला तरुण नट होता आणि बर्ट लेनबरोबर अभिनयाची कार्यशाळा चालवत होता. त्या कार्यशाळेतल्या एका प्रसंगातून सिनेमा निघाला. तीन कृष्णवर्णीय भावंडं, त्यातली धाकटी दोघं गोरी समजली जातील इतकी उजळ. बहिणीचा गोरा प्रियकर थोरल्या भावाला पाहतो आणि त्याचा चेहरा बदलतो. जीन शेफर्डच्या रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमात कॅसावेटीसने श्रोत्यांना पैशांचं आवाहन केलं आणि लोकांनी खरोखर डॉलर-डॉलर पाठवले. ही गोष्ट सगळ्यांना सांगायला आवडते. पण जमलेली रक्कम होती सुमारे २,००० डॉलर, आणि सिनेमाला लागले ४०,००० च्या आसपास. उरलेलं मित्रांकडून, ओळखीच्या लोकांकडून आणि त्याच्या नटाच्या कमाईतून आलं. ‘शॅडोज’ हे लोकवर्गणीचं उदाहरण म्हणून सांगताना हा विसात एक हिस्सा लक्षात ठेवावा.

या सिनेमात बिघडलं काय ते शिकण्यासारखं आहे. १६ मिमी रुंद फिल्मचा कॅमेरा, रस्त्यावर परवानगीशिवाय चित्रण, नट सुचेल ते बोलणार. संवाद आधी लिहिलेले नव्हते आणि बोलून झाल्यावर कोणी टिपूनही घेतले नव्हते. एडिटिंगला बसल्यावर नट नेमकं काय बोललाय हेच बऱ्याच ठिकाणी कळेना. शेवटी ओठ वाचणाऱ्यांना बसवून संवाद काढावे लागले, असं कॅसावेटीसनेच सांगितलं आहे. उत्स्फूर्त संवादांवर काम करायचं असेल तर प्रत्येक टेकनंतर बोललेलं जसंच्या तसं उतरवून घेणारा एक माणूस युनिटमध्ये लागतो, आणि तो कॅमेरामनइतकाच महत्त्वाचा असतो. त्याशिवाय डबिंगला कागद नसतो आणि दोन टेकमधले संवाद जुळवताना एडिटर हतबल होतो.

दुसरा बिघाड मोठा होता. नोव्हेंबर १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅरिस थिएटरमध्ये मध्यरात्रीचे फुकट खेळ लावले आणि प्रेक्षक उठून गेले. कॅसावेटीसला स्वतःलाही दिसलं की कॅमेऱ्याची करामत भरपूर आहे, पण माणसं दिसतच नाहीत. मग १९५९ साली त्याने नटांना पुन्हा गोळा केलं, प्रसंग लिहून काढले आणि सिनेमाचा मोठा भाग नव्याने चित्रित केला. आज आपण पाहतो तो हा ‘शॅडोज’. पहिल्या आवृत्तीला पुरस्कार देणारे समीक्षक जोनास मेकस या बदलावर चिडले होते. ती पहिली आवृत्ती हरवलीच होती, ती २००४ मध्ये रॉटरडॅमच्या महोत्सवात पुन्हा दाखवली गेली. पण दुसऱ्या आवृत्तीच्या शेवटीही ‘हा चित्रपट म्हणजे इम्प्रोव्हायझेशन (ऐनवेळी सुचेल ते करणं) होतं’ अशा अर्थाची पाटी तशीच राहिली, आणि त्या एका पाटीने कितीतरी पिढ्यांची दिशाभूल केली. अर्ध्याहून जास्त गोष्ट लिहून, पुन्हा चित्रित करून उभी राहिलेली आहे.

यानंतर त्याने हॉलिवूडसाठी दोन सिनेमे केले. त्यातल्या ‘अ चाइल्ड इज वेटिंग’ (१९६३) चं एडिटिंग निर्माते स्टॅनली क्रेमर यांनी त्याच्या हातून काढून घेतलं. इथे त्याला कळलं की चित्रीकरणात कितीही स्वातंत्र्य मिळालं तरी शेवटचा कट दुसऱ्याच्या हातात असेल तर त्या स्वातंत्र्याला काही अर्थ नाही. ‘फेसेस’ हा पुढचा सिनेमा त्या जखमेतून आला.

‘फेसेस’ची पटकथा पूर्ण लिहिलेली होती, दोनशेहून जास्त पानांची. १९६५ च्या सुरुवातीपासून सुमारे सहा महिने चित्रीकरण चाललं, बहुतेक रात्री, कारण नट आणि युनिट दिवसा आपापल्या पोटापाण्याची कामं करत होते. घरं दोन: एक त्याचं स्वतःचं, दुसरं सासूबाईंचं. रोख पगार कुणाला नाही, नफा झाला तर हिस्सा. नायकाच्या बायकोची भूमिका केलेली लिन कार्लिन दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमनची सेक्रेटरी होती. पुढे या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. त्याची बायको आणि या सिनेमातली नटी जीना रोलंड्स चित्रीकरणाच्या वेळी गरोदर होती. प्रसंग पटकथेच्या क्रमानेच चित्रित केले गेले. निर्मितीच्या हिशेबाने हा क्रम महागडा असतो, कारण एका जागेचं सगळं काम एकदम उरकता येत नाही, पुन्हा पुन्हा त्याच खोलीत प्रकाशयोजना लावावी लागते. पण घर स्वतःचं असेल तर भाडं नाही, आणि नटाला रात्रभराच्या दारूचा, भांडणाचा, थकव्याचा चढता आलेख आपोआप मिळतो. लोकेशनवर पैसे वाचवले ते असे, आणि ते वाचले म्हणून क्रम पाळता आला.

मग ओतलं कुठे? फिल्मवर. शंभराहून जास्त तासांचं फुटेज जमलं. नुसते शंभर तास धरले तरी हिशेब पाहा. १६ मिमी फिल्म २४ फ्रेमच्या वेगाने मिनिटाला ३६ फूट धावते, म्हणजे ४०० फुटांचा रोल सुमारे ११ मिनिटं चालतो. शंभर तासांना २,१६,००० फूट, म्हणजे ५४० रोल. हेच चित्रपटगृहांच्या नेहमीच्या ३५ मिमीवर करायचं तर मिनिटाला ९० फूट, एकूण ५,४०,००० फूट. तेव्हा १६ मिमी निवडण्यामागे कच्चेपणाची हौस नव्हती. नटाला अकरा मिनिटं न थांबवता खेळू द्यायचं आणि तेही पुन्हा पुन्हा, तर एवढ्या पैशात दुसरा मार्गच नव्हता.

त्याची किंमतही मोजावी लागली. १६ मिमीच्या फ्रेमचं क्षेत्रफळ ३५ मिमीच्या साधारण साडेचार पटीने कमी असतं. चित्रपटगृहासाठी ब्लो-अप केला, म्हणजे ३५ मिमीवर मोठी प्रत काढली, की ग्रेनही (फिल्मवरचे दाणे) तितकाच फुगतो. कमी प्रकाशासाठी जलद, म्हणजे प्रकाशाला जास्त संवेदनशील फिल्म वापरली की तो आणखी वाढतो. ‘फेसेस’मधले चेहरे खरबरीत दिसतात त्याचं हे सरळ रासायनिक कारण आहे. कॅसावेटीसने ते लपवलं नाही, चेहऱ्यांच्या इतक्या जवळ गेला की तो खरबरीतपणा त्वचेचाच वाटावा.

आवाजाचं दुखणं वेगळं. त्या काळात कॅमेरा आणि टेपरेकॉर्डर वेगळे चालत. दोघांच्या वेगात हजारात एक इतका जरी फरक पडला तरी ११ मिनिटांच्या रोलच्या शेवटी १५-१६ फ्रेमचं अंतर पडतं, आणि ओठ-आवाजातला दोन-तीन फ्रेमचा फरकही डोळ्याला खटकतो. त्यातून कॅमेरा हातात घेऊन अचानक चालू केला की स्लेट (चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी टेकच्या सुरुवातीला आपटायची पाटी) राहून जाते, आणि मग एकेक तुकडा ओठ पाहून जुळवावा लागतो. अशा फुटेजचा ढीग घेऊन एडिटिंगला बसलं की महिने कसे जातात ते त्या टेबलाशी बसलेल्यालाच कळतं. ‘फेसेस’च्या एडिटिंगला जवळपास तीन वर्षं लागली, कामाची जागा म्हणजे त्याच्या घराचं गॅरेज. या वर्षांत तो ‘द डर्टी डझन’ आणि ‘रोझमेरीज बेबी’त भूमिका करून पैसे आणत होता. एडिटिंग रूमचं भाडं देणाऱ्या निर्मात्याने तीन महिन्यांत कट मागितला असता. स्वतःच्या गॅरेजला तारीख नसते. आणि इतकं फुटेज समोर असताना ही तीन वर्षंच त्याची सगळ्यात मोठी गुंतवणूक होती. १९६८ मध्ये सिनेमा आला, व्हेनिस महोत्सवात नायक झालेल्या जॉन मार्लीला सर्वोत्तम अभिनेत्याचा मान मिळाला, ऑस्करची तीन नामांकनं झाली, त्यातलं एक मूळ पटकथेसाठी. पटकथा न लिहिणाऱ्या माणसाला, म्हणे.

आता हातातल्या कॅमेऱ्याकडे येऊ. नेहमीच्या पद्धतीत जमिनीवर नटासाठी खुणा लावतात. त्या खुणेवर प्रकाश बेतलेला असतो, फोकस मोजलेला असतो. नट खुणेपासून फूटभर सरकला तर टेक वाया. कॅसावेटीसने खुणा काढून टाकल्या. त्यामुळे बाकी सगळं बदलावं लागलं. एकेका चेहऱ्यासाठी बेतलेली प्रकाशयोजना सोडून खोलीभर सारखा उजेड करावा लागतो, म्हणजे नट कुठेही गेला तरी दिसतो. उजेड पुरेसा असेल तर लेन्सचं छिद्र लहान ठेवता येतं आणि फोकसला थोडी मोकळीक मिळते. कॅमेरा ट्रॉलीवर अडकून चालत नाही, तो नटामागे जायला हवा, म्हणून तो हातात आला. हातातला कॅमेरा हा या साखळीचा शेवटचा दुवा. नटांना खुणांवर उभं करून कॅमेरा मात्र मुद्दाम हलवत ठेवणं, हे आज जाहिरातींपासून वेब सिरीजपर्यंत सगळीकडे चालतं, आणि त्यात कॅसावेटीसचं काहीही नाही.

‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’मध्ये (१९७४) हे सगळं पिकलेलं दिसतं. मुळात हे जीना रोलंड्ससाठी लिहिलेलं नाटक होतं. रोज रात्री ही भूमिका करणं झेपणार नाही असं तिने सांगितलं, म्हणून सिनेमा झाला. ३५ मिमी, लॉस एंजेलिसमधलं खरं घर, युनिटमध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. लांब लेन्स दूर ठेवल्यामुळे कॅमेरा नटांच्या अंगावर येत नाही. पण लांब लेन्सला फोकसमध्ये राहणारं अंतर कमी मिळतं, नट पुढे-मागे झाला की फोकस सुटतो. या सिनेमात तो सुटतोही, आणि अभिनय खरा असेल तर तो टेक ठेवलेला आहे. सकाळी घरी आलेल्या कामगारांना मेबल (जीनाची भूमिका) स्पगेटी करून वाढते तो प्रसंग नीट पाहा. दहा-बारा माणसं एका टेबलाभोवती, कोण कधी बोलेल कळत नाही, तरी शब्द लिहिलेले आहेत. कॅसावेटीस म्हणायचा की ओळी लिहिलेल्या असतात, भावना मात्र तिथेच सापडते. इम्प्रोव्हायझेशनबद्दलचा सगळा गोंधळ एवढ्याने मिटायला हरकत नाही.

पैसे उभे केले घर गहाण टाकून, आणि नायक झालेल्या पीटर फॉकने स्वतःचे पाच लाख डॉलर घातले. (आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं होतं, या धंद्यात पहिलं पाऊल टाकणाऱ्यांच्या घरच्यांनी काय सोसलं त्याचा वेगळा इतिहास लिहायला हवा.)

सिनेमा तयार झाला आणि वितरक मिळेना. मग त्याने स्वतःच वितरण केलं, आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात धाडसी काम हेच. फेसेस इंटरनॅशनल ही स्वतःची कंपनी, थिएटर मालकांना थेट फोन, मधल्या उपवितरकांची साखळी टाळलेली, हाताशी तरुण पोरं. न्यूयॉर्क महोत्सवात सिनेमा गाजला, जीना आणि जॉन दोघांना ऑस्करची नामांकनं मिळाली, आणि खर्चाच्या कितीतरी पट पैसे आले.

पण हे पुन्हा जमलं नाही. ‘द किलिंग ऑफ अ चायनीज बुकी’ (१९७६) थोड्याच दिवसांत उतरवावा लागला, आणि ‘ओपनिंग नाइट’ (१९७७) अमेरिकेत धड प्रदर्शितच झाला नाही. सिनेमे कमी दर्जाचे होते म्हणून असं झालं, हे मला मान्य नाही. थिएटर मालक पैसे वेळेवर देतो ते पुढचा सिनेमा हवा असतो म्हणून. ज्या वितरकाकडे पुढच्या महिन्यात दुसरं काही नाही त्याची थकबाकी शेवटच्या रांगेत जाते, आणि पहिल्या आठवड्यात गल्ला थंड असला की त्याचा शो आधी कापला जातो. शिवाय प्रिंट आणि जाहिरात यांचा खर्च आधी करावा लागतो, वसुली नंतर. शोसाठी आजही धडपडणाऱ्या मराठी निर्मात्याला यातलं काही नवं वाटणार नाही. एकट्याने सिनेमा बनवता येतो, हे कॅसावेटीसने सिद्ध केलं. एकट्याने तो सतत विकता येत नाही, हेही त्याच्याच वहीत लिहिलेलं आहे.

पाहायला सुरुवात करायची असेल तर ‘शॅडोज’पासून करू नका, ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’पासून करा. अडीच तास सलग, फोन बाजूला ठेवून. मग ‘फेसेस’, आणि त्यानंतर ‘शॅडोज’, म्हणजे काय सुधारलं ते दिसेल. १९८४ चा ‘लव्ह स्ट्रीम्स’ शेवटाकडे ठेवा. बर्लिन महोत्सवात त्याला गोल्डन बेअर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता. ‘चायनीज बुकी’च्या दोन आवृत्त्या मिळतात: १९७६ ची १३५ मिनिटांची आणि १९७८ ची १०८ मिनिटांची. दुसरी नुसती कापलेली नाही, तिच्यात प्रसंगांचा क्रम बदललेला आहे आणि काही पहिल्यात नसलेलं फुटेजही आहे. एडिटिंग शिकणाऱ्यांनी दोन्ही पाहाव्यात, आधी लांब, मग छोटी, आणि दर प्रसंगाला कुठे सुरुवात केली आणि कुठे सोडलं याची वेळ कागदावर लिहून घ्यावी.