कन्सोलचे पाय पाळण्यात दिसतात

नवा हँडहेल्ड कन्सोल, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र, येतोय अशी कुणकुण लागली, की तो चालणार की झोपणार हे तासाभरात जाहीर करून टाका. किंमत ठरलेली नसेल, गेम ठरलेले नसतील, कन्सोलचा एक धूसर फोटो तेवढा फुटलेला असेल. हरकत नाही, उलट हीच वेळ उत्तम. एकदा माणसांनी तो हातात घेतला की ज्याला त्याला मत फुटतं, आणि मग तुमच्या मताला विचारतो कोण?

या कामाला भांडवल लागत नाही. कन्सोल काढणाऱ्यांचे पैसे बुडतात, घेणाऱ्यांचे कपाटात पडून राहतात, पण भाकीत करणाऱ्याचं काही बुडाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. मी स्वतः बरीच वर्षं या उद्योगात आहे, म्हणून चार गोष्टी सांगतो.

तांत्रिक तक्ता हा आपला धर्मग्रंथ. दोन कन्सोलचे तक्ते शेजारी-शेजारी मांडायचे, आकडे ज्याचे मोठे तो जिंकला, विषय संपला. अशा वेळी एखादा म्हातारा खेळाडू खाकरून म्हणेल, “१९८९ चं काय?” त्याला बोलू देऊ नका. बोलू दिलंत तर तो सांगत बसेल, की त्या साली निन्टेन्डोचा गेमबॉय आला तेव्हा त्याचा पडदा शेवाळी हिरवा होता, त्यात छटा मोजून चार, आणि मागून उजेड नावाला नाही. खेळायचं तर दिव्याखाली जायचं, मान वाकडी करायची आणि कन्सोल असा तिरपा धरायचा, की उजेड पडद्यावर पडेल पण डोळ्यांत चमकणार नाही. तो कोन सापडला की तसंच अवघडून बसायचं. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला. रंगीत पडदा, बॅकलाइट, शिवाय डावखुऱ्यांना उलटा धरून खेळायची सोय. पुढच्या वर्षी जपानात सेगाचा गेम गिअर निघाला. तोही रंगीत, वर ट्यूनर जोडला तर टीव्ही दिसायचा. तक्त्यात गेमबॉयचा नंबर शेवटचा. बाजारात मात्र गेमबॉय आणि गेमबॉय कलर मिळून ११ कोटी ८६ लाखांहून जास्त विकले गेले, आणि लिंक्सचं नाव आज सांगावं लागतं.

का, तर पेन्सिल सेल. हसू नका, खरंच पेन्सिल सेल. गेमबॉयला चार लागायचे आणि दहा-पंधरा तास सहज जायचे. गेम गिअरला सहा लागायचे, आणि ते तीन ते पाच तासांत मान टाकायचे. लिंक्सची तऱ्हाही तीच. म्हणजे रंगीत पडद्यावर तुम्ही शेवटच्या राक्षसापर्यंत पोचावं आणि राक्षसाआधी सेलनेच तुम्हाला गारद करावं. त्यात अमेरिकेत गेमबॉय ९० डॉलरच्या आत होता आणि लिंक्स त्याच्या दुप्पट, शिवाय गेमबॉयच्या खोक्यात टेट्रिसची कॅसेट आयती. गेमबॉयमागचा माणूस गुनपेई योकोई. त्याचं म्हणणं असं, की जुनं होऊन स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्यावं आणि त्यातून नवी गंमत काढावी. १९८० चं गेम अँड वॉच याच डोक्यातून निघालेलं, कॅल्क्युलेटरमुळे स्वस्त झालेल्या पडद्यावर. आता हा काय तज्ज्ञाने तोंडी घ्यावा असा विचार आहे? सेल, किंमत आणि खोक्यात काय मिळतं, हा वाणसामानाचा हिशेब झाला. आपण गिगाहर्ट्झवर बोलावं.

भाकिताला वजन हवं असेल तर ‘किलर’ हा शब्द वापरा. नवा कन्सोल हा नेहमी कशाचा तरी किलर असतो. २००४ च्या शेवटी सोनीचा पीएसपी आला तेव्हा निन्टेन्डो डीएसचे दिवस भरले असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ होते, आणि पीएसपी हातात घेतला की ते पटायचंही. रुंद, झळझळीत पडदा, चित्रपट बघायला छोट्या डिस्क. शेजारी डीएस म्हणजे दोन लहान पडद्यांची बिजागरीवाली डबी आणि टोचायला एक प्लास्टिकची काडी. डबी १५ कोटी ४० लाख खपली. पीएसपी साधारण आठ कोटी, म्हणजे तसा उत्तमच खपला, पण खून काही पडला नाही. ज्याचा खून होणार असतो तोच बहुधा शेवटी तेराव्याला जेवतो. तरी शब्द सोडू नका, मथळ्यात शोभून दिसतो.

तक्ता आणि किलर एवढ्यावर भागलं नाही, तर ‘सगळं एकात’ ही शंभर नंबरी खूण पाहा. कन्सोल फोनही असेल, गाणीही वाजवेल, रस्ताही दाखवेल, तर त्याला डोळे मिटून पूर्ण गुण द्या. २००३ साली नोकियाचा एन-गेज आला तेव्हा कागदावर तो असाच होता, फोन आणि गेम एकाच खिशात. किंमत २९९ डॉलर. त्यात गेम बदलायचा कसा ते एकदा नीट बघून घेण्यासारखं आहे. आधी कन्सोल बंद करा. मग पाठीवरचं झाकण नखाने सरकवा. मग बॅटरी उपसून काढा, कारण गेमचं कार्ड तिच्याखाली. जुनं कार्ड काढा, नवं घाला, बॅटरी बसवा, झाकण लावा, चालू करा, आणि फोन जागा होईपर्यंत वाट पाहा. एवढं सगळं दुसरा गेम सुरू करायला. बोलताना तर तो आडवा न धरता कडेवर उभा धरून कानाला लावावा लागे, कारण कान-तोंडाची जागा त्या कडेलाच होती. लोक त्याला कानाला लावलेली पुरी म्हणायचे नाहीत एवढंच, पाश्चात्य लोक टाको म्हणत. पुढच्या वर्षी कंपनीने सुधारलेला एन-गेज काढून या दोन्ही गोष्टी दुरुस्त केल्या. तोवर हसणारे हसून घरी गेले होते.

गिझमोन्डोची गोष्ट सांगायला नको, पण राहवत नाही. २००५, जीपीएस, कॅमेरा, संदेश, गाणी, चित्रपट, लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर स्वतःचं दुकान, आणि जाहिराती बघायला तयार असाल तर कन्सोल स्वस्तात. वर्षभरातच कंपनीचं दिवाळं वाजलं आणि तिच्या एका माजी अधिकाऱ्याची फेरारी एन्झो कॅलिफोर्नियात माली‌बूजवळ खांबावर आदळून दोन तुकडे झाली. मला तरी त्या कन्सोलवरचा एकही गेम आठवत नाही, गाडी मात्र आठवते.

दर दोन वर्षांनी एकदा हँडहेल्डचा मृत्युलेख लिहून ठेवा. कारण तयार आहेच, मोबाइल. खिशात फोन असताना वेगळा कन्सोल कोण बाळगेल, हे वाक्य आयफोनच्या दुकानात गेम मिळू लागले तेव्हापासून ताजं आहे. २०११ मध्ये तर ते जवळपास खरं ठरलं. फेब्रुवारीत जपानात आलेला निन्टेन्डो थ्रीडीएस २५,००० येनचा होता, आणि ऑगस्टमध्ये त्याची किंमत १५,००० येनवर आणावी लागली. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा कापला, आणि आधी पूर्ण पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकांची समजूत २० जुने गेम फुकट देऊन काढली. त्या वेळी मृत्युलेख लिहिणाऱ्यांनी चार खांदेकरीही ठरवले होते. नंतर मढं उठून बसलं आणि साडेसात कोटींच्या वर खपलं. तुमचा लेख मात्र फुकट जात नाही. तारीख बदला, पुढच्या कन्सोलला चालतो.

त्याच वर्षाअखेर आलेल्या प्लेस्टेशन व्हिटाबद्दल बोलताना माझा आवाज जरा कातर होतो. काय पडदा होता! पाच इंची ओलेड, अंगठ्यांनी फिरवायच्या दोन स्टिक, पाठीवरसुद्धा स्पर्श कळणारी पट्टी. तक्त्यात शंभरपैकी शंभर. फक्त गेम साठवायला सोनीचंच खास मेमरी कार्ड लागायचं, दुसरं चालायचं नाही, आणि अमेरिकेत ३२ जीबीच्या कार्डाला सुरुवातीला जवळपास १०० डॉलर पडायचे. घोडा २५० डॉलरचा आणि खोगीर १०० चं. तक्त्यात खोगिराचा रकाना नसतो, हे लक्षात ठेवा, म्हणजे विसरता येईल.

आता माझ्या कारकिर्दीतला मानाचा तुरा. जानेवारी २०१७ मध्ये निन्टेन्डोने स्विचची किंमत जाहीर केली, २९९ डॉलर. त्या दिवशी कंपनीचा शेअर घसरला, आणि मी मित्रांना लांबलचक संदेश पाठवला की हे तोंडावर आपटणार. कारणं दिली होती. पडदा फक्त ७२० पी. बॅटरी गेमप्रमाणे अडीच ते साडेसहा तास. पहिल्या दिवशीचे गेम बोटांवर मोजण्याइतके. टीव्हीलाही जोडायचा आणि हातातही धरायचा, म्हणजे धड घरचा कन्सोल नाही, धड प्रवासातला नाही. निन्टेन्डोचाच आधीचा कन्सोल वी यू तर सगळ्यांदेखत पडलेला. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. निष्कर्ष तेवढा चुकला. स्विचने १५ कोटींचा आकडा ओलांडला, आणि ‘धड इकडचा नाही धड तिकडचा नाही’ ही जी मी खोड म्हणून सांगितली होती, तिच्याचसाठी लोक तो घेत होते. मित्र अजून तो संदेश जपून आहेत. दर वाढदिवसाला मला परत पाठवतात.

अशा प्रसंगी माघार घेऊ नये. “दीर्घकाळात बघा” म्हणावं. दीर्घकाळ म्हणजे नेमका किती हे कोणी विचारत नाही.

ज्यांना माझ्यासारखं तोंडघशी पडायचं नसेल त्यांनी हे वाक्य पाठ करावं: किंमत रास्त असेल, गेम चांगले असतील आणि बॅटरी टिकली, तर हा कन्सोल चालेल. हे वाक्य १९८९ ला लागू होतं, आजही होतं, आणि टोस्टरलाही होतं, फक्त गेमच्या जागी पाव घाला. त्याहून सुरक्षित जागा म्हणजे ज्याच्या विक्रीचे नेमके आकडे कंपनी नियमाने सांगतच नाही असा कन्सोल. व्हॉल्व्हचा स्टीम डेक २०२२ मध्ये आला, ६६९ ग्रॅमचा, झोपून खेळताना डोळा लागला तर नाकावर पडून जागं करणारा. हा मूठभर शौकिनांचा म्हणणारेही खूश, याने नवी वाट पाडली म्हणणारेही खूश. लोकांनी स्टीम या व्हॉल्व्हच्याच ऑनलाइन गेम-दुकानातून आधीच घेऊन ठेवलेले आणि कधीच न खेळलेले गेम त्यावर चालतात, म्हणजे आता ते प्रवासातही न खेळण्याची सोय झाली.

कन्सोल महाग आहे, लोकांना परवडणार नाही, हे सांगायला मात्र विसरू नका. ४५० डॉलरच्या स्विच २ बद्दल हे मीही सांगितलं. जून २०२५ मध्ये तो आला आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाख गेले. लोकांना परवडत नसताना त्यांनी असं वागावं हे बरं दिसत नाही.

स्वतः कन्सोल विकत घेऊ नका. घेतलात की निःपक्षपातीपणा गेला. पैसे मोजलेला माणूस एक तर त्याची आरती करतो, नाहीतर त्याला शिव्या घालतो, कारण दोन्हीत पैसे त्याचेच असतात. शिवाय गेम पुरा करायला चाळीस-पन्नास तास लागतात. तेवढ्या वेळात किती भाकितं होतात!

तरी अभ्यासासाठी म्हणून मी परवा भाचीजवळ जाऊन बसलो. ती सोफ्यावर पाय वर घेऊन त्याच, मी २०१७ साली मारलेल्या कन्सोलवर खेळत होती. एका कोपऱ्याचा टवका उडालेला. डावी स्टिक आपोआप सरकते म्हणून अंगठा तिने वेगळ्याच तऱ्हेने टेकवलेला. चार्जरची वायर ताणून पार भिंतीपर्यंत. मी विचारलं, यात कुठली चिप आहे माहीत आहे का? “चिप म्हणजे?” म्हणाली, मान वर न करता. मग मी तिला रिझोल्यूशन समजावलं, फ्रेम रेट समजावला, पुढच्या तीन वर्षांत हँडहेल्डच्या बाजाराचं काय होणार तेही थोडक्यात सांगितलं. सांगता सांगता जरा पुढे झुकलो असेन.

“मामा, सरक ना मागे,” ती म्हणाली, “स्क्रीनमध्ये तुझंच तोंड दिसतंय.”