‘एक बॅटरी बदलायला दोन महिने’ : आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या दुरुस्तीबद्दलचा अभिप्राय वाचला. तुमचं काम अडून राहिलं, मधल्या काळात नमुने बाहेर पाठवावे लागले, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. फोन केला की "अजून थोडे दिवस लागतील" एवढंच उत्तर मिळायचं, ही तुमची तक्रारही रास्त आहे.

एक स्टार द्यायचा की पाच, हा तुमचा अधिकार. पण त्याखाली तुम्ही लिहिलंय, ‘नाण्याएवढी बॅटरी बदलायला दोन महिने. मॅन्युअल नाही ही सबब. सर्टिफिकेटचा एक रकाना कोरा, शिवाय २२० नॅनोमीटरच्या खाली वापरू नका अशी तंबी.’ हे आता इथे येणारा प्रत्येक जण वाचणार. कंपनीने केव्हाच वाऱ्यावर सोडलेली यंत्रं दुरुस्त करणं हेच आमचं पोट आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

बॅटरी बदलायला दोन महिने लागले नाहीत. सोल्डरिंग आयर्न तापायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ती बदलून झाली होती. वेळ गेला तो त्या बॅटरीने इतकी वर्षं जे सांभाळलं होतं ते पुन्हा मिळवण्यात.

तुमचा स्पेक्ट्रोफोटोमीटर (नमुना कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतो ते मोजणारं यंत्र; तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात) १९८० च्या दशकातला आहे. आत झेड-८० प्रोसेसर, ८ किलोबाइटची ईप्रॉम (यंत्राचा प्रोग्रॅम साठवणारी चिप) आणि २ किलोबाइटची रॅम (वीज असेपर्यंतच टिकणारी मेमरी). यंत्र बंद असताना त्या रॅमला जिवंत ठेवायचं काम ही ३ व्होल्टची लिथियम बॅटरी करते. आणि रॅममध्ये त्या एका यंत्राचे, फक्त त्याच यंत्राचे आकडे असतात. ग्रेटिंगचं (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या, बारीक रेघांच्या पट्टीचं) शून्य स्टेपर मोटरच्या कितव्या पावलावर, एका नॅनोमीटरला किती पावलं, अतिनील प्रकाशाच्या ड्यूटेरियम लॅम्पवरून दृश्य प्रकाशाच्या टंगस्टनवर कधी जायचं, डिटेक्टरचा गेन (संकेत किती पट वाढवायचा ते) किती. कारखान्यात एकेक यंत्र जुळवून हे आकडे भरले जात. शेजारी ठेवलेल्या त्याच मॉडेलच्या दुसऱ्या यंत्राचे आकडेसुद्धा तुमच्या यंत्राला चालणार नाहीत.

आता थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. यंत्र पाठवण्याआधी आमचा संदेश गेला होता: ‘आहे तसं पाठवा, झाकण उघडू नका, बॅटरीला हात लावू नका.’ यंत्र आलं तेव्हा बॅटरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाजूला टेपने चिकटवलेली होती. कोणीतरी चांगल्या हेतूनेच काढली असणार, प्रवासात गळू नये म्हणून. त्या काळातल्या बऱ्याच यंत्रांत निकेल-कॅडमियम बॅटरी असायची, ती गळून बोर्डावरचे तांब्याचे मार्ग खाऊन टाकते. तेव्हा भीती अगदीच चुकीची नव्हती. पण तुमची बॅटरी त्या जातीची नाही, आणि ती निघाली त्या क्षणी रॅम रिकामी झाली. अशी बॅटरी बदलायची तर यंत्र चालू ठेवून, मेमरीला मुख्य सप्लाय मिळत असताना बदलतात. नाहीतर डायोड लावून बाहेरून तात्पुरता ३ व्होल्टचा आधार देतात. तुम्ही अभिप्रायात ‘बॅटरी संपली होती’ असं म्हटलंय. आम्ही मोजली, ती संपलेली नव्हती.

"नवीन बॅटरी घातल्यावर यंत्र तर लगेच चालू झालं होतं, मग अडलं कुठे?" असं तुम्ही फोनवर विचारलं होतं. बंद पडलेल्या घड्याळात सेल घातला की काटे फिरतात, पण वेळ बरोबर दाखवतात असं नाही. पडद्यावर ५४६ नॅनोमीटर टाकलं आणि नमुन्याच्या कप्प्यात पांढरं कार्ड धरलं, तर त्यावर हिरवा उजेड दिसायला हवा. दिसत होता पिवळा, तोही नारिंगीकडे झुकलेला. तरीही यंत्र ॲब्सॉर्बन्सचे (नमुन्याने किती प्रकाश शोषला त्याचे) आकडे दशांश चिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत बिनदिक्कत दाखवत होतं. त्याच अवस्थेत ते आम्ही आठवड्याभरात परत पाठवू शकलो असतो. कदाचित पाच स्टारही मिळाले असते.

आता मॅन्युअलचं. तुम्ही दिलेली झेरॉक्स वापरणाऱ्याच्या पुस्तिकेची होती: कोणतं बटण दाबायचं, क्युव्हेट (नमुना ठेवायची पारदर्शक डबी) कसं पुसायचं. सर्किट नाही, समायोजनाची पद्धत नाही, शेवटची पानंही नाहीत. काही उत्पादक हे आकडे कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवत. तुमच्या झाकणाच्या आत गोंदाचा चौकोनी डाग आहे, कागद नाही. हेच मॉडेल वापरणाऱ्या काही जणांना आम्ही लिहिलं. एका सज्जनांनी स्वतःच्या वेळात स्कॅन करून सर्व्हिस मॅन्युअल पाठवलं, पण ते नंतरच्या आवृत्तीचं निघालं, बोर्डच वेगळा. त्यातलं वर्णन वापरलं असतं तर गोंधळ आणखी वाढला असता.

मग ईप्रॉम वाचली. सगळ्यात आधी तिची प्रत काढून ठेवली, कारण ईप्रॉममधला मजकूरही कायमचा नसतो. तिच्या काचेच्या खिडकीवरचं स्टिकर निघालं आणि पुरेसा अतिनील प्रकाश पडला की तो पुसला जातो. तुमच्या चिपवरचं स्टिकर अर्धं सुटलेलं होतं, ते नवीन लावलंय. (बिलात नाही. सांगायचंही राहून गेलं होतं.) त्या प्रोग्रॅमची ओळ न् ओळ उलगडून रॅमच्या कोणत्या पत्त्यावरून कोणता आकडा उचलला जातो ते शोधलं. शेवटी बेरजेची पडताळणी होती. ती जुळली नाही की यंत्र आपले आकडे टाकून सरसकट ठरलेली मूल्यं वापरतं. पिवळ्या उजेडाचं कारण तेच. हे कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं असं नाही. मूळ सर्व्हिस मॅन्युअल हाती असतं तर बहुधा दोन परिच्छेदांत मिळालं असतं. मॅन्युअल नाही असं आम्ही म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो. त्याला सबब म्हटलेलं मनाला लागलं.

त्यानंतर खरं काम. ड्यूटेरियम लॅम्पला ४८६.० आणि ६५६.१ नॅनोमीटरवर स्वतःच्या रेषा असतात. शून्य किती सरकलंय आणि प्रमाण किती चुकलंय, ही दोन्ही उत्तरं या दोन रेषांतून निघतात. पण दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच जाते, त्याने काहीच सिद्ध होत नाही. म्हणून तपासणी वेगळ्या संदर्भाने करायची. होल्मियम ऑक्साइडच्या पर्क्लोरिक आम्लातल्या द्रावणाची शिखरं २४१.१, २८७.२, ३६१.३, ५३६.६ अशी येतात, स्लिट (फटीतून येणाऱ्या प्रकाशाचा पट्टा) १ नॅनोमीटर असताना. स्लिट रुंद केली की शिखरं किंचित सरकतात, म्हणून स्लिटही सर्टिफिकेटवर लिहावी लागते.

पहिल्या तपासणीत दृश्य भाग जुळला, अतिनील टोक जुळेना. शिवाय खालून वर जाताना एक आकडा आणि वरून खाली येताना दुसरा. ग्रेटिंग फिरवणाऱ्या स्क्रूवरचं ग्रीस सुकून मेणासारखं झालं होतं. ते काढायचं, नवीन लावायचं, आणि शेजारच्या ग्रेटिंगला बोट तर सोडाच, श्वाससुद्धा लागू द्यायचा नाही. त्यावर एकदा ठसा उमटला की तो पुसता येत नाही, पुसायला गेलं की ग्रेटिंगच जातं. स्क्रूला हात लागला म्हणजे आधी काढलेले सगळे आकडे बाद. पुन्हा पहिल्यापासून. आणि प्रत्येक वेळी लॅम्प स्थिर होईपर्यंत थांबायचं, दुसऱ्या दिवशी थंड यंत्र सुरू करून तेच आकडे पुन्हा येतात का ते बघायचं. यात घाई करता येत नाही.

ॲब्सॉर्बन्सची तपासणी पोटॅशियम डायक्रोमेटने केली, २३५, २५७, ३१३ आणि ३५० नॅनोमीटरला. तिथे तुमचं यंत्र उत्तम निघालं. या वयात असा डिटेक्टर क्वचित दिसतो.

सर्टिफिकेटचा तो रकाना कोरा नाही. ‘दुरुस्तीपूर्व नोंद’ या रकान्यात ‘मेमरी रिकामी असल्याने शक्य नाही’ असं बारीक अक्षरात छापलेलं आहे. आयएसओ/आयईसी १७०२५ : २०१७ मध्येही दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे निष्कर्ष उपलब्ध असतील तर द्यावेत असंच आहे. मनाने आकडे भरून तो रकाना भरता आला असता, आम्ही भरला नाही. यंत्र बॅटरीसकट आलं असतं तर मागच्या वर्षभरातली तुमची मोजमापं किती विश्वासार्ह होती तेही सांगता आलं असतं. ते आता कोणीच सांगू शकणार नाही, आणि त्याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं.

२२० ची ‘तंबी’ अशी. लिटरला १२ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण १९८ नॅनोमीटरला ठेवलं तर ॲब्सॉर्बन्स २ च्या वर जायला हवा. तुमच्या यंत्रात तो २ पर्यंत पोचतच नाही, म्हणजे भरकटलेला (नको त्या तरंगलांबीचा, तरी डिटेक्टरवर पोचणारा) प्रकाश जास्त आहे. आतले आरसे मंद झालेत. असा प्रकाश फक्त १ टक्का असला तरी खऱ्या २ च्या जागी यंत्र १.७ दाखवतं, आणि ती चूक कुठलंही बटण दाबून जात नाही. तुमचं बरंचसं काम २५४ आणि २८० ला चालतं असं तुम्हीच सांगितलं होतं. तिथे यंत्र निर्धास्त वापरा.

यापुढे काम लांबलं तर आपण होऊन कळवण्याची व्यवस्था करतोय, आणि बॅटरीची सूचना मोठ्या अक्षरात जाईल. सर्टिफिकेटची अक्षरंही वाढवतो.

सगळे आकडे आता झाकणाच्या आत लॅमिनेट करून लावलेत, एक प्रत आमच्याकडे आहे. आरशांवर नवीन थर द्यायचं ठरवलंत तर आधी फोन करा. ते काम बाहेरून करून घ्यावं लागतं आणि आरसे परत बसवल्यावर तरंगलांबी पहिल्यापासून तपासावी लागते. त्यालाही वेळ लागेल, आत्ताच सांगून ठेवतो.