गोलाईचा रेट काय?

सरळ कपाटाचा भाव पुण्यात कोणीही सांगतो. प्लाय कुठला, सनमायका कुठला, स्क्वेअर फुटाला इतके, मजुरी धरून, संपला विषय. त्याच कपाटाचा एक कोपरा नुसता गोल करायचाय म्हणून बघा. समोरचा माणूस आधी पेन खिशात ठेवतो, मग टेप गुंडाळतो आणि मग म्हणतो, "चहा सांगा ना साहेब, बसून बोलू."

आमच्या पॅसेजमध्ये किचनकडे वळताना एक बाहेर आलेला कोपरा आहे आणि तिथे कपाट करायचं ठरलं, कारण इस्त्रीचं टेबल, दिवाळीच्या माळा, व्हॅक्यूम क्लीनर (वर्षातून एकदा लागणारा) आणि सासऱ्यांच्या होमिओपॅथीच्या बाटल्या या चार गोष्टींना घरात कायमचा पत्ता नव्हता. गोल अशासाठी की त्या वळणावर घरातल्या प्रत्येकाची कंबर आधीच एकदा तरी शेकून निघालीये, त्यात चौकोनी कपाटाची धार आली असती तर संपलंच. शिवाय बायकोनं फोनवर एक फोटो दाखवला. परदेशातलं घर, अक्रोडाचं लाकूड, गोल कपाट, शेजारी एक मांजर. मांजर सोडून बाकी सगळं असंच पाहिजे, असं ठरलं.

आधी मॉड्युलरवाल्यांकडे गेलो. एसी, कॉफी, मोठा स्क्रीन. पोरानं आमचा पॅसेज दोन मिनिटांत स्क्रीनवर उभा केला, कपाट आणून ठेवलं, रंग बदलून दाखवले, आणि मी म्हणलं आता हा कोपरा गोल कर. त्यानं माऊस इकडे हलवला, तिकडे हलवला, आत जाऊन कोणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, "सर, सॉफ्टवेअर कर्व्ह घेत नाहीये. आपण कोपरा तिरका कापू, लांबून गोलच दिसतो." किती लांबून? "मेन डोअरमधून दिसेल सर." म्हणजे आलेल्या पाहुण्यांना दारातच उभं ठेवायचं.

मग मिस्त्री बोलवायला सुरुवात केली आणि खरी करमणूक तिथून सुरू झाली. कपाट सात फूट उंच, कोपऱ्याचा रेडियस 18 इंच, म्हणजे वर्तुळाचा बरोबर पाव भाग. पहिल्यानं गोलाईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टेप सरळ ताणला, साडेपंचवीस इंच. दुसऱ्यानं टेप गोलाईवरून फिरवला, सव्वाअठ्ठावीस. तिसरे मूळचे राजस्थानचे, पण निम्मं आयुष्य पुण्यात गेलेलं, त्यांनी गोलाईकडे बघितलंसुद्धा नाही, दोन्ही बाजू मोजल्या, 18 आणि 18, छत्तीस इंच, तीन फूट, लिहा. गंमत म्हणजे तिघांचा रेट सेम, स्क्वेअर फुटाला 1600. पण सात फूट उंचीला पहिल्याचे होतात साधारण 23,800, दुसऱ्याचे 26,400 आणि तिसऱ्याचे 33,600. तेच कपाट, तीच भिंत, तोच प्लाय, आणि नुसता टेप कुठून धरला यावर दहा हजारांचा फरक! माझी मुलगी दहावीत आहे, तिनं वहीत पाय आर भागिले दोन करून सव्वाअठ्ठावीसच बरोबर असल्याचा निकाल दिला आणि "म्हणजे हे कुठेतरी वापरतात?" असं इतक्या आश्चर्यानं विचारलं की तिच्या क्लासची फी आठवून मला जरा वाईट वाटलं.

पण राजस्थानवाले मिस्त्री हटले नाहीत. म्हणाले, "साहेब, तुम्ही गोल बघता, मी चौकोन विकत घेतो." आणि हे तंतोतंत खरं आहे हो. पाव गोल फळी कापायची तर 18 बाय 18 चा चौकोनच घ्यायला लागतो आणि त्यातला साडेएकवीस टक्के तुकडा खाली पडतो. शंभर रुपयांच्या प्लायमधले साडेएकवीस रुपये जमिनीवर. प्रत्येक फळीला. त्या तुकड्यांचं काय करतात विचारलं तर म्हणाले काही होत नाही त्याचं, आणि संध्याकाळी जाताना सगळे पिशवीत भरून घेऊन गेले.

काम त्यांनाच दिलं. कारण एकच, बाकी दोघं "होऊन जाईल" म्हणाले आणि हे म्हणाले "अवघड आहे." सुतारकामात अवघड आहे म्हणणारा माणूस मिळाला की त्याला सोडायचं नाही.

आता लाकूड गोल कसं करतात? तर एक म्हणजे प्लायच्या पाठीला एकमेकींना लागून उभ्या खाचा मारायच्या, पुढचा पातळ पापुद्रा फक्त शिल्लक ठेवायचा आणि वाकवायचा. स्वस्त आणि झटपट. पण पॉलिश झालं की प्रकाश तिरका पडतो तेव्हा एकेक खाच पुढून पैलूसारखी दिसते, आणि आमच्या पॅसेजमध्ये प्रकाश तिरकाच पडतो. दुसरा प्रकार वाफेचा. वाफेवर लाकूड मऊ करून वाकवायचं, इंचभर जाडीला साधारण तासभर वाफ. हे मी व्हिडिओत बघून मिस्त्रींना उत्साहानं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सात फुटाचा कुकर कुठाय?"

तर राहिला फ्लेक्सी प्लाय, म्हणजे मुळातच वाकेल असा बनवलेला प्लाय. तो आणायला भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो. तिथे गेल्यावर घरून ठरवून आणलेला आत्मविश्वास गेटवरच काढून ठेवायचा असतो. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "आडवा वाकणारा की उभा?" आठ बाय चारची शीट एकतर लांबीत वाकते नाहीतर रुंदीत, दोन्हीकडे वाकत नाही, चुकीची नेली तर तुम्ही वाकाल पण ती नाही. मी हवेत हात फिरवून कपाट काढून दाखवलं. मग त्याच्या गड्यानं पण हवेत हात फिरवला, मागं उभ्या असलेल्या एका गिऱ्हाईकानंही फिरवला, शेवटी मिस्त्रींना फोन लावला. आठ एमएमचा, असे दोन थर, मध्ये फेव्हिकॉल, आणि आतल्या फळ्यांना साधा 18 एमएम. किचनजवळ आहे म्हणून 710 चाच घ्या असं दुकानदार म्हणाला, म्हणजे आयएस 710, वॉटरप्रूफवाला. कपाटात पाणी कुठून येणार विचारलं तर म्हणाला, "साहेब, पुण्यात पाऊस विचारून येतो का?"

आणि मग आला फर्मा.

दोन थर चिकटवून गोल ठेवायचे तर ते कशावर तरी बसवून रात्रभर आवळून ठेवायला लागतात. ते कशावर तरी म्हणजे फर्मा. स्वस्त प्लायच्या पाव गोल फासळ्या, त्यावर उभ्या पट्ट्या, वर प्लास्टिकचा कागद म्हणजे फेव्हिकॉल फर्म्याला चिकटू नये. शिवाय शिकंजे सोडल्यावर प्लाय किंचित उघडतो, म्हणून गोलाई जराशी टाइटच ठेवायची. थोडक्यात कपाट करण्याआधी कपाटाएवढीच, सात फुटी, एक दुसरी वस्तू करायची, जी नंतर कशाच्याच कामाची नाही. त्याचे 9000 वेगळे.

मी हिशोब मागितला. कागदावर होतं: फर्मा, गोलाई चार्ज, वेस्टेज, रिस्क.

"रिस्क म्हणजे काय?"

"वाकवताना फाटलं तर."

"आणि नाही फाटलं तर?"

"मग ती माझी मेहनत."

याला उत्तर नाहीये. मी दोन दिवस शोधलं.

त्याच नादात मला मिशाएल थोनेट सापडला. व्हिएन्नाचा खुर्चीवाला. या माणसानं 1859 साली बीचचं लाकूड वाफेवर वाकवून 14 नंबरची खुर्ची काढली, सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट, आणि एक घनमीटरच्या खोक्यात सुट्या भागांच्या 36 खुर्च्या मावायच्या. जुन्या इराणी हॉटेलांत बसलेल्यांना वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या माहितीच असतील, त्या याच घराण्यातल्या. पण मुद्दा असा की त्याला पण लाकूड वाकवायला साचे लागतच होते, फक्त त्यानं एकेका साच्यावर इतकी लाकडं वाकवली की साच्याचा खर्च कुठे गेला ते कळलंच नाही. म्हणजे महाग गोलाई नाहीये, महाग आहे ती एकच गोलाई.

हे डोक्यात आल्यावर मी तडक जिना उतरलो. आमच्या बिल्डिंगमध्ये वरपासून खालपर्यंत सगळे फ्लॅट एकसारखे, म्हणजे सगळ्यांचा पॅसेज तोच, कोपरा तोच आणि कंबर दुखायची जागाही तीच. चार जण तयार झाले तर फर्मा सव्वादोन हजारात. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, कल्पना उत्तम आहे, पण 18 इंच जास्त होतो, आम्ही 15 करू. अहो मग फर्मा दुसरा लागेल ना काका. "मग तुम्ही 15 करा की." वरच्या काकूंना गोल नको होतं, लंबगोल चालणार होतं. बाकी सगळ्यांचं उत्तर एकच, "तुमचं होऊ दे आधी, मग बघू." आमच्या सोसायटीत पहिलं कोणालाच व्हायचं नव्हतं आणि दुसरं मात्र प्रत्येकाला व्हायचं होतं, कारण दुसऱ्याला फर्मा फुकट.

तर 9000 मी एकट्यानं भरले. काम सुरू झालं. दुपारी 2 ते 4 मशीन बंद हा सोसायटीचा नियम, त्यामुळे नेमका फेव्हिकॉल लावून झाला की वॉचमन वर यायचा. रात्री आमच्या हॉलमध्ये तो फर्मा शिकंजे लावून उभा, सासरे त्याला वळसा घालून टीव्ही बघतायत. बिजागरीचा वेगळाच घोळ. तिच्या वाटीला 35 एमएमचं भोक लागतं आणि ती बसते सपाट जागेवर, गोल दाराला सपाट जागा आणायची कुठून, म्हणून मग कडेला सागवानाची पट्टी, तिचे वेगळे. सनमायका चिकटवताना तर मिस्त्री, त्यांचा पोरगा, मी आणि गॅस सिलेंडर द्यायला आलेला माणूस असे चौघं कपाटाला मिठी मारून उभे होतो.

पण झालं बरं का! खरंच देखणं झालंय. येता जाता हात फिरवावासा वाटतो. दार उघडलं की किचनचा रस्ता बंद होतो हे आहे, पण बंद कपाट असताना कोणाची कंबर लागत नाही. सगळे मिळून किती झाले हे मी बायकोला सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही, संसार असाच चालतो.

आता काका आले, 18 इंच चालेल म्हणाले. पाठोपाठ लंबगोल काकू. त्यांना सांगितलं की फर्मा मिस्त्रींकडे मागा. मिस्त्री म्हणाले फर्मा मी केला, माझा. मी म्हणलं पैसे मी दिले, माझा. मिस्त्री म्हणाले पैसे फर्म्याचे नव्हते, फर्मा *करायचे* होते. हा वाद चालू असतानाच सोसायटीच्या गणपती कमिटीचे दोघं पार्किंगमध्ये त्या फर्म्याभोवती फेऱ्या मारताना दिसले. थर्मोकोलवर 2018 पासून बंदी, यंदा राजवाड्याचा देखावा, आणि सोनेरी कागद लावला तर हा अस्सल खांब दिसतो, असं त्यांचं मत पडलं.

"पण एकच आहे हो. दुसरा खांब?"

मिस्त्रींनी लगेच खिशातून टेप काढला. कमिटीनं मला बाजूला घेतलं. "तुम्हाला या गोलाईतलं कळतं, जरा रेट कमी करून द्या ना. आणि तुमच्या खांबाचं भाडं काय ते सांगा, स्क्वेअर फुटावर करू."

चालेल म्हणलं. मापं मी स्वतः घेतली. 18 आणि 18, छत्तीस इंच, तीन फूट, लिहा.