माळ्याचा पंचनामा

घट बसायला आठ दिवस राहिले की कोल्हापुरात दोन ठिकाणी जोरात झाडलोट सुरू होते. एक अंबाबाईच्या देवळात, दुसरी शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात. तिकडं देवीच्या दागिन्यांना उजाळा मिळतो, इकडं माझा उद्धार होतो. सर्वपित्रीच्या आत घर लख्ख झालं पाहिजे, हा आमच्या आईचा कायदा. त्यात आजवर एकही दुरुस्ती झालेली नाही.

यंदा मला अवदसा आठवली. म्हटलं, पोरांनाही घेऊ की कामाला. तेवढंच वळण लागंल.

“घे की,” बायको म्हणाली. “पण निस्तरायला मी येणार नाही. मी डबे घासायला बसलो.” (आमच्याकडं बायकाही ‘आलो, गेलो, बसलो’च म्हणतात. पुण्याचे पाव्हणे पहिल्यांदा आले की इकडंतिकडं बघायला लागतात.)

धाकटा तिसरीत आहे, पण गुळाच्या सौद्यात बसवला तर व्यापाऱ्यांना रडवील. त्यानं आधी मजुरी ठरवली: संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, वर आईस्क्रीम, आणि काम संपलं नाही तरी दोन्ही. मी हो म्हटलं. स्वस्तात मजूर मिळाले, अशी माझी समजूत.

त्याला जळमटं काढायची काठी दिली. पाच मिनिटांत तिच्या टोकाला त्याच्या लाडक्या तालमीच्या फुटबॉल संघाचा रुमाल लागला आणि बोळा केलेल्या रद्दीचा चेंडू सोप्यातून थेट देवघरात गोल झाला. जळमटं जागच्या जागी. कोळी वरून सामना बघत होते. आईनं काठी काढून घेतली, तसे राधानगरी धरणाचे सातही स्वयंचलित दरवाजे एकदम उघडले आणि विसर्ग सुरू झाला. तो थांबवायला मी त्याला पितळेचं घंगाळ दिलं, सोबत चिंच आणि मीठ. चिंचेच्या आंबटानं पितळेवरचा काळपटपणा कसा सुटतो, हे त्याला समजावून सांगितलं. विज्ञान म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. अर्ध्या तासानं बघतोय तर घंगाळावर रुपयाएवढा एकच गोल सोन्यासारखा झळकतोय. बाकीचं घंगाळ होतं तस्संच, आणि चिंच संपलेली. त्यातली निम्मी चोखून.

“झालं की पप्पा. तोंड दिसतंय त्यात.”

“आमी एवढ्याएवढ्या पोरी वाकळा डोक्यावर घेऊन धुण्याच्या चावीला जायचो रं,” आई म्हणाली. (धुण्याची चावी म्हणजे गावानं कपडे धुवायची जागा.) “आन् तुजं पोरगं बघ, घंगाळाला टिकली लावतंय.”

थोरली मात्र गुणाची. पाचवीत आहे, गडबड नाही, गोंधळ नाही. मी माळ्यावर चढलो आणि एकेक वस्तू खाली द्यायला लागलो, तशी ती वही-पेन घेऊन शिडीखाली बसली. मला भरूनच आलं. वस्तूंची यादी करतेय म्हणजे पोरीला व्यवस्थितपणाची जात्याच आवड.

ती पंचनामा करत होती.

त्याचं असं झालं. 2021 च्या जुलैत पंचगंगा आमच्या घरात आली, तेव्हा ही सहा वर्षांची. पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला माणसं आली, प्रत्येक वस्तू विचारून विचारून लिहून घेतली. पुरातलं बाकी सगळं पोरगी विसरली असेल, पण ती वही तिच्या डोक्यात पक्की बसली. आता कुठंही पसारा दिसला की ही पंचनामा करते. तिचं अक्षर टपोरं आहे. दुर्दैवानं लांबूनही वाचता येतं.

बायको चहा घेऊन आली आणि तिनं वही उचलली. मोठ्यानं वाचायला लागली.

“नग 1. मिक्सर. पप्पा म्हणाले होते, कॉइल भरून आणतो.

“नग 4. टेबलफॅन, मान मोडलेली. पप्पा म्हणाले होते, एक स्क्रू लागतोय फक्त.

“नग 7. कोल्हापुरी चप्पल, डाव्या पायाची. उजवी पुरात गेली. पप्पा म्हणतात, सापडेल.

“नग 11. व्यायामाची लाकडी जोडी. पप्पा सोमवारपासून तालमीत जाणार होते. कुठला सोमवार, ते माहीत नाही.”

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी, 43 ला धोका पातळी. नदीकाठच्या माणसाला हे आकडे जन्मतारखेसारखे पाठ असतात. नग 4 ला बायकोच्या भुवईनं इशारा पातळी गाठली. नग 11 ला धोका पातळी ओलांडली, आणि यादी एकूण तेवीस नगांची होती. मी अजून माळ्यावरच होतो. पूरग्रस्तानं उंच जागा सोडू नये.

“डावी चप्पल कशाला ठेवलीय, सांगा तरी,” ती म्हणाली.

“असू दे की. कातडं चांगलं आहे.”

आईनं कपाळावर हात मारला. पण नवल असं की भंगारात घालायची वेळ आली, तसा एकेका नगाला वाली फुटला. टेबलफॅन आईच्या आहेरातला निघाला. मिक्सर बायकोच्या माहेरचा. जोडी धाकट्याला पाहिजे होती, गोलपोस्ट म्हणून. अंधार पडेस्तोवर बावीस नग परत माळ्यावर गेले. चप्पल तेवढी गेली.

भेळ मात्र चार ठिकाणची झाली, वर आईस्क्रीम. करार तो करार.

रात्री थोरलीनं पंचनामा सह्यांना आणला. पंच म्हणून आजीनं सही केली, धाकट्यानं चिंचेच्या बोटाचा अंगठा उठवला. सगळ्यांत खाली ‘नुकसानग्रस्ताची सही’ असं लिहिलं होतं. दिवसभर कंबर मोडून घेतली होती, म्हणून मी पेन पुढं नेलं.

“तिथं नाही ओ पप्पा,” तिनं वही ओढून घेतली. “तिथं मम्मीची सही. तुमचं नाव वर घातलंय की, नुकसानीच्या कारणात.”