बंदी असलेला माल कुरिअरने कसा पाठवावा

कुरिअरच्या काउंटरवर काचेखाली एक छापील यादी सरकवून ठेवलेली असते. ती वाचू नये. एक तर ती इंग्रजीत असते, टाइप बारीक असतो, आणि तुमच्या पिशवीतलं काहीच तिच्यात नावानिशी लिहिलेलं नसतं. स्फोटकं, ज्वालाग्राही पदार्थ, विषारी वायू, अमली द्रव्यं, किरणोत्सारी वस्तू असं काहीबाही असतं. आपण सिंगापूरला मुलीकडे करंज्या पाठवतोय. आपला काय संबंध?

तरी कुणी अडवलंच, तर उत्तर तयार असावं म्हणून करंजीत काय असतं ते पाहून ठेवा. सुकं खोबरं असतं. धोकादायक मालाच्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक आहे, १३६३. वर्ग ४.२, म्हणजे आपोआप पेट घेऊ शकणारे पदार्थ. खोबऱ्यात तेल असतं, आणि ढीग करून दमट हवेत कोंडून ठेवलं की ते आतल्या आत तापत जातं. २०२२ साली नागरी विमान सुरक्षा ब्युरोने ते प्रवाशांच्या चेक-इन बॅगेतूनही बाद केलं. त्याच सारणात खसखस असते. ती अफूच्या बोंडातली, म्हणून सिंगापुरात आणि संयुक्त अरब अमिरातीत तिला मज्जाव आहे. एवढीशी करंजी, पण कायद्याच्या नजरेने पाहिलं तर एकाच वेळी आगीचं साधन आणि नशेचं. अनारसा तर निर्लज्जच. करंजी निदान खसखस पोटात दडवते, हा ती अंगावर मिरवतो. तेव्हा दुबईला अनारसे पाठवायचे असतील तर डब्यात पालथे घालावेत, खसखशीची बाजू खाली. यापेक्षा जास्त खबरदारी आजवर कुठल्या मराठी घराने घेतलेली नाही.

ऑस्ट्रेलियाला मुलगा असेल तर साताऱ्याचे कंदी पेढे अवश्य पाठवा. तिकडे घरगुती पार्सलातून दुधाची मिठाई नेण्यावर बंदी आहे, कारण आपल्या गुराढोरांत लाळ्या-खुरकूत आहे, त्यांच्याकडे नाही, आणि त्याचा विषाणू दुधातून प्रवास करू शकतो. पेढ्याला खूर नसतात हे तुम्ही त्यांना पत्र लिहून पटवून देऊ शकता. हापूसची पेटी पाठवायची असेल तर ती भाताच्या पेंढ्यात छान बसवून द्या, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्याला एका पेटीत दोन गुन्हे सापडतील. नुसता पेंढासुद्धा त्यांना चालत नाही. अमेरिकेचं वेगळं. तिथे आपला आंबा २००७ पासून राजरोस जातो, पण लासलगावसारख्या केंद्रात त्याच्यावर विकिरणाचा मारा होतो, कागद होतात, शिक्के बसतात, मग तो विमानात चढतो. तुमच्या पेटीवर फक्त स्केचपेनने ‘नाजूक’ लिहिलेलं असतं. तेवढं पुरे.

देशातल्या देशात पाठवायचं तर लोणच्याला तोड नाही. बरणी काचेचीच घ्यावी. प्लॅस्टिकच्या बरणीत लोणचं मुरत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. गोदामात वीस फुटांवरून खोकी फेकणाऱ्या पोराला ठाऊक नसतं, त्याला आपण काय करणार? बरणीच्या तोंडाला फडकं बांधा, त्यावर पिशवी, त्यावर चिकटपट्टीचा अख्खा रोल. मग ती नागपूरला पोहोचेपर्यंत तेल बाहेर येईलच. ते वाया जात नाही. त्याच पोत्यात कुणाच्या तरी रुखवताची पैठणी असते, कुणाची मार्कशीट असते. एरवी ज्यांची आपली कधी गाठ पडली नसती, त्या घरांत आपल्या हातची चव पोहोचते.

रोख रक्कम आणि दागिने कुरिअरने पाठवत नाहीत, असं म्हणतात. म्हणोत बापडे. पाकिटात पाचशेच्या नोटा ग्रीटिंग कार्डाच्या घडीत घाला आणि वर ‘कागदपत्रे’ लिहा. नोट कागदाचीच असते. पाकीट हरवलं तर पावती घेऊन जा आणि भांडा. पावतीवर तुमच्याच अक्षरात ‘कागदपत्रे, किंमत रु. ५०’ असं लिहिलेलं असेल, त्यामुळे पन्नास रुपयांपर्यंत तुमची बाजू भक्कम आहे.

आता मुख्य विद्या, म्हणजे फॉर्म भरण्याची. यात तुम्हाला शिकवायला काउंटरवर एक मुलगा बसलेला असतो. तुम्ही भोळेपणाने ‘सुकं खोबरं’ लिहायला घेता आणि तो हळूच म्हणतो, “काका, खोबरं नका लिहू, अडकतं. स्नॅक्स लिहा.” तेल असेल तर “कॉस्मेटिक लिहा”, औषधं असतील तर “पर्सनल लिहा”, आणि काय लिहावं हे त्यालाही कळेनासं झालं की “गिफ्ट”. गिफ्ट या शब्दात सगळं मावतं. खाली एक ओळ असते, वरील माहिती खरी आहे आणि पार्सलात कोणताही धोकादायक माल नाही, अशी. तिथे सही करायची. सही करताना खोकं किती किलोचं भरलं याकडे लक्ष असू द्या, म्हणजे ओळ वाचली जात नाही.

वजनाचंही ऐकून ठेवा. हवाई कुरिअरवाले लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात आणि साधारणपणे ५००० ने भागतात. तुमचा तीन किलोचा पोह्यांचा चिवडा ४० बाय ३० बाय ३० च्या खोक्यात घातलात की तो ७.२ किलोचा होतो. उरलेली हवा. सगळ्या खोक्यात बिनतक्रार पाठवता येण्यासारखी वस्तू तीच, आणि तिचे पैसे सर्वांत जास्त.

फराळात भागलं नाही, तर मुलाचा घरी विसरलेला पॉवर बँक आहेच. जरा फुगलेला असेल तर उत्तम, तेवढाच भरीव दिसतो. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेलं एक मालवाहू बोइंग ७४७ आगीत सापडून तिथेच कोसळलं. आत लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. कॉकपिटमध्ये इतका धूर भरला की वैमानिकांना समोरचे काटे दिसेनात. दोघेही गेले. चौकशीत निघालं की त्यातले काही खोके नियमाप्रमाणे धोकादायक माल म्हणून नोंदवायला हवे होते, आणि कागदावर तसं काहीच नव्हतं. पण ते खोके भरभरून होते. तुमचा पॉवर बँक एकच आहे, तोही पायमोज्यात गुंडाळून चकलीच्या डब्याखाली ठेवलेला. नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. तारीख पाहून कुणाला तो नियम गमतीचा वाटला, तर त्याला दोष देता येणार नाही.

एवढं करूनही कुरिअरवाल्याने खोकं परत केलंच, तर निराश होऊ नका. सोसायटीच्या ग्रुपवर लिहा: “न्यू जर्सीला कुणी जाणारं आहे का? फक्त अर्धा किलो.” कुणीतरी असतंच. त्या अनोळखी पोराच्या घरी आदल्या रात्री साडेदहाला जाऊन अडीच किलोची पिशवी द्यायची आणि “घरचंच आहे हो, आत उघडून बघायची काही गरज नाही” असं सांगायचं. विमानतळावर त्याला विचारतील, बॅग तुम्ही स्वतः भरली का? तो ‘हो’ म्हणेल. चांगल्या घरचा मुलगा आहे.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. एखाद्या दुपारी फोन येईल. तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, आत अमली पदार्थ आहेत, लगेच व्हिडिओ कॉलवर या, तुम्हाला डिजिटल अटक झालीय. असली अटक कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी तेच सांगितलं, आणि तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. ज्या माणसाने आयुष्यात फॉर्मवर खरं तेच लिहिलं, तो “मी असलं काही पाठवलेलं नाही” म्हणतो आणि फोन ठेवतो. तुम्ही मात्र घसा खाकरून विचाराल, “साहेब, कुठलं हो? दिवाळीचं, की त्याच्या आधीचं?”