तलफ आली की राजवाड्याचे मजले मोजा

लठ्ठ माणसाला उठता-बसता "जिभेवर ताबा ठेव" म्हणणं आता थांबवूया. इंदुरात तर मुळीच म्हणू नये. सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफ्याची खाऊगल्ली, शेव तर वरण-भातावरही. इथे तलफ येणारच. आली की करायचं काय, हे शिकता येतं.

भुकेला पोळी-भाजी चालते. तलफेला गराडूच, म्हणजे कंदाचे तुकडे हवेत, गरम तळलेले, वर जिरावन मसाला आणि लिंबू. आले ना डोळ्यांपुढे? खरी मेख इथेच आहे. तलफ अशा मनातल्या चित्रांवर पोसली जाते, असं मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कॅव्हना आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मांडलं. चित्र रंगवायला मनात जागा थोडीच असते; तिथे दुसरं चित्र आणलं की पहिलं फिकं पडतं. 3 मिनिटं टेट्रिस हा ठोकळे जुळवायचा व्हिडिओ गेम खेळूनही तलफ उतरल्याचं प्रयोगात दिसलंय. मोबाइल नको असेल तर डोळे मिटून मनात इंदूरचा राजवाडा उभा करा: खालचे 3 मजले दगडी, वरचे लाकडी, एकेक खिडकी, एकेक झरोका. नुसते आकडे मोजून तेवढा फरक पडत नाही, कारण चित्राची जागा रिकामीच राहते.

दुसरी रीत मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांची, मूळ व्यसनमुक्तीसाठीची. बसा. तलफेला 0 ते 10 पैकी गुण द्या. ती कुठे जाणवते, तोंडात, छातीत की पोटात, ते बघा. दर 5 मिनिटांनी पुन्हा गुण द्या. लाट चढते आणि ओसरते. बहुतेकांचं चुकतं ते इथे: तलफेला हाकलायला बसतात, मग ती जास्तच छळते. नुसतं बघायचं. आणि दुपारचं जेवण चुकवलं असेल तर हे करूच नका. ती भूक आहे, आधी जेवा.

आपल्याकडे उपास मोडतो तसा डाएटही "मोडतो". एक जिलबी खाल्ली की "आज गेलंच, उद्यापासून बघू" म्हणत पाव किलो संपते. खरं नुकसान पहिल्या जिलबीने होत नाही, या विचाराने होतं. पुढचं जेवण रोजच्या वेळी, रोजच्याइतकंच घ्या. भरपाईचा उपास नको, त्याने रात्री पुन्हा खा-खा सुटते. वहीत वेळ, जागा, आदल्या रात्रीची झोप आणि तलफेचे गुण लिहा.

एवढ्यानेच वजन भराभर उतरेल असं मात्र कुणी सांगू नये. आणि हात थांबतच नाही असं बेसुमार खाणं आठवड्यातून एकदा तरी, 3 महिने होत असेल, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. मानसिक आजाराच्या काही औषधांनीही भूक वाढते; ती परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

घरच्यांनी "परत?" असं विचारू नये. "आत्ता किती आहे, 8 की 4?" असं विचारावं आणि 5 मिनिटं शेजारी बसावं.