खाली कसं जावं: नव्या क्लबमालकासाठी चार शब्द

क्लब विकत घेतलात, गळ्यात मफलर अडकवून मैदानाच्या मधोमध फोटो काढलात, झालं. आता कामाचं बोलू. इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या प्रीमियर लीगमध्ये संघ २०, प्रत्येकाचे सामने ३८, आणि मे महिन्यात खाली, म्हणजे खालच्या लीगमध्ये, जायच्या जागा फक्त ३. म्हणजे दरवर्षी १७ मालक यात नापास होतात. नुसतं हरून भागत नाही. २०२४-२५ मध्ये टॉटनहॅम २२ सामने हरलं, तरी सतराव्या क्रमांकावर तरलं, वर युरोपा लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धाही जिंकून बसलं. असा घोळ तुमच्याकडे नको.

सुरुवात जुलैमध्ये. छोट्या पासेसवर श्रद्धा असलेला मॅनेजर आणा आणि त्याला त्याच्या पसंतीचे खेळाडू घेऊन द्या. घाई मात्र करू नका. विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, बंद व्हायच्या शेवटच्या संध्याकाळी सह्या झाल्या की खेळाडू लीगचे दोन-तीन सामने झाल्यावर येतात, उन्हाळ्यातला सराव चुकलेला असतो आणि एकमेकांची नावं कळेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो. मग डिसेंबरात मॅनेजरला काढा. जागी लांब चेंडू मारणारा, धक्काबुक्कीवाला माणूस आणा. याला हवा उंचापुरा स्ट्रायकर, तुमच्याकडे आहेत पाच फूट सातचे चार मिडफिल्डर. विंडो उघडणार जानेवारीत, आणि मधल्या नाताळात सामन्यांची इतकी गर्दी असते की सरावाला दिवसच मिळत नाही.

आता खरी कारागिरी: गोल-किक, म्हणजे चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर बचाव करणाऱ्या संघाने आपल्या गोलजवळून मारायची किक. २०१९ पासून हा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जायची वाट बघावी लागत नाही, सहकारी आतच उभा राहून घेऊ शकतो. या सवलतीचं सोनं करा. दोन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) गोलरक्षकाच्या दोन्ही हातांना उभे करा. गोलरक्षक डावीकडे ढकलतो. समोरचा स्ट्रायकर सरळ धावत नाही, वाकडा येतो, म्हणजे उजव्या सेंटर-बॅककडे परतायची वाट त्याच्या पाठीमागे झाकली जाते. तुमचा माणूस उजव्या पायाचा, उभा डावीकडे, तोंड स्वतःच्याच गोलकडे. पहिला टच हातभर लांब जातो. मधला मिडफिल्डर मदतीला येतो, पण पाठीवर माणूस घेऊनच. पुढचं सांगायला नको. मँचेस्टर सिटीला हे जमत आलं, कारण त्यांचा मिडफिल्डर पाठीवरच्या माणसाला घेऊन वळतो. तुमचा वळत नाही, तरी सोडू नका. पत्रकारांनी विचारलं तर ‘तत्त्व’ म्हणायचं.

साउथहॅम्प्टनचा अभ्यास करा. २०२४-२५ मध्ये २ विजय, ६ बरोबरी, ३० पराभव, अंगावर ८६ गोल. डिसेंबरात मॅनेजर गेला, नवा आला, एप्रिलमध्ये तोही गेला. ७ सामने शिल्लक असतानाच घसरण पक्की. तरी शेवटी हात आखडलाच: मे महिन्यात सिटीशी ०-० करून १२ गुणांवर पोचले आणि डर्बी काउंटीचा सर्वात कमी, ११ गुणांचा विक्रम राहून गेला. डर्बीने २००७-०८ मध्ये सप्टेंबरात न्यूकॅसलला १-० हरवलं, आणि मग मोसमभर पुन्हा तसला प्रकार केला नाही. शिस्त म्हणतात ती ही.

हिशेबाकडेही लक्ष द्या. ४ कोटी पौंडांचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला, की वहीत दरवर्षी ८० लाख पडतात. दोन वर्षांनी तो २ कोटींना विकलात तर वहीत अजून २ कोटी ४० लाख शिल्लक असतात, म्हणजे ४० लाखांचा तोटा. अकादमीत वाढलेला पोरगा विकला तर आलेला पैसा जवळपास सगळा नफा. तेव्हा ज्याच्या नावाने गॅलरी ओरडते, नेमका तोच विका. लीगचे पैशांचे नियम मोडून गुण कापून घ्यायचा मार्ग मात्र बेभरवशाचा. २०२३-२४ मध्ये एव्हर्टनचे एकूण ८ आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गुण गेले, तरी दोघं वरच राहिले.

याबाबतीत पुणेकरांनी लाजायचं कारण नाही. कोंबड्यांच्या धंद्यातल्या आपल्या वेंकीजने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतलं. हाच क्लब १९९५ चा विजेता. महिनाभरात अनुभवी सॅम अलर्डाइस यांना निरोप दिला, संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता. जागी प्रशिक्षकांपैकीच स्टीव्ह कीन. प्रेक्षक निदर्शनं करत राहिले, मालक ठाम राहिले, खेळाडूंनी जाहिरातीत चिकनही खाल्लं. ७ मे २०१२ ला घरच्या मैदानावर विगनकडून ०-१ हरून संघ खाली गेला. त्या सामन्यात कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली होती. माणसं निवडताना चूक होऊ शकते, पण प्रतीक निवडताना ब्लॅकबर्नचे लोक चुकले नाहीत.

धोका एकच, वसंत ऋतू. एप्रिल २०१५ मध्ये लेस्टर तळाला होतं. शेवटच्या ९ पैकी ७ सामने जिंकून सुटलं आणि पुढच्या वर्षी चक्क विजेतं झालं. फेब्रुवारीनंतर संघ हसताना दिसला तर आणखी एकदा मॅनेजर बदला.

पैशाची काळजी नको. तळाच्या क्लबलाही १० कोटी पौंडांच्या वर मिळतात. खाली गेल्यावर पॅराशूटची, म्हणजे घसरलेल्या क्लबला सावरायला मिळणारी, रक्कम येते: प्रसारणाच्या पैशातून प्रत्येक क्लबला जो समान वाटा मिळतो, त्याच्या पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५, तिसऱ्या वर्षी २०. वर एकच मोसम काढला असेल तर तिसरं वर्ष नाही. खेळाडूंच्या करारात ‘खाली गेल्यास पगार कमी’ हे कलम चुकूनही घालू नका, नाहीतर पॅराशूट पुरून उरेल.

आणि तिथे गेल्यावर निवांत बसू नका. चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे प्रीमियरखालच्या लीगमध्ये, सामने ४६, म्हणजे हरायला ८ जादा. खाली जायच्या जागा तिथेही तीनच. सुंदरलँडने २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन्ही कामं उरकली होती.